चानकीपुरतं पीठ

डाळजेच्या फाट्यावर आम्ही यष्टीची वाट बघत उभे होतो. ह्यांच्या खांद्यावर ट्रंक आणि माझ्या काखेत काठवट. भिगवणच्या बाजारातनं आणलेली, कोरी करकरीत. तिच्यात अजून एकदासुद्धा पीठ मळलं नव्हतं, पण मी तिला अशी धरून उभी होते की कुणाला वाटावं तान्हं लेकरूच आहे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या फाट्यापर्यंत आल्या. आळीतल्या चार बायका आल्या. आमचं कुत्रंसुद्धा आलं. थोरली जाऊ तेवढी आली नाही.

फाट्यावरनं आमच्या घराचं छप्पर दिसायचं, आणि त्याच्या पलीकडं धरणाचं पाणी. छपरातनं धूर निघत होता. म्हणजे अक्का चुलीपुढंच बसून होती. अक्का म्हणजेच थोरली जाऊ, सगळं घर तिला अक्काच म्हणायचं.

"यायची न्हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "तू बगू नगंस तिकडं."

"मी कुठं बगतीया?" मी म्हटलं, आणि बघतच राहिले.

ही गोष्ट नव्वदच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली. हे साखर कारखान्यात फिटर होते. बरीच वर्षं हंगामी म्हणून काढली, मग कायम झाले आणि भवानीनगरला क्वार्टर मिळाली. आता तुम्ही म्हणाल, डाळज ते भवानीनगर म्हणजे काय अंतर? दोन यष्ट्या बदलायच्या, एक बारामतीला. खरं आहे. लोकांची पोरं आता विमानानं जातात आणि त्यांच्या आया मला त्यांच्या आठवणी सांगतात. पण एकोणीस वर्षं ज्या चुलीपुढं बसले ती सोडून मी निघाले होते, आणि निघताना भांडून निघाले होते. तेवढ्यानं अंतर वाढतं.

भांडण काय झालं ते आधी सांगून टाकते, लपवून काय करू. सकाळी अक्का मला म्हणाली, "जा बाई जा. तुझ्यावाचून हितली चूल इझणार न्हाय." आता कळतं, तिला म्हणायचं होतं जाऊ नको. पण मी तेव्हा पस्तीस वर्षांची, लेकीचं लग्न होऊन गेलेलं, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःची चूल मिळणार म्हणून हवेत. मी म्हटलं, "इझंना तर इझंना. एकोणीस वर्सं तुमच्या हाताखाली काढली, अक्का. आता माझ्या चुलीला मीच मालकीण." तिनं मान वर केली नाही. हातातली भाकरी थापत राहिली. ती थाप अजून ऐकू येते मला.

पंधरा-सोळा वर्षांची असताना त्या घरात आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती, अक्षर येत नव्हतं, बोलायचंसुद्धा भ्या वाटायचं. अक्का चौथी शिकलेली. काठवटीत पीठ पसरून बोटानं ती अक्षर काढायची, "हं, ह्यो क," आणि मी गिरवलं की पुसून त्यातच पाणी ओतायची. त्या शाळेत माझी अक्षरं मी रोज खाल्ली. आज हे लिहितेय ते त्या पिठाच्या जोरावर. पुढं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून वाचून मी बाकीचं शिकले, पण पहिला क तिचा. आणि अशा बाईला मी तसं बोलले.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आत्याबाईंनी घालून दिलेली. त्यांनी कुठनं आणली ठाऊक नाही, आळीत दुसरीकडं कुठं मी ती बघितली नाही. आमच्यात भाकरी नुसती थापायची नाही, कुणाचं तरी नाव घेऊन थापायची. ज्यानं कालपासून आपलं काही बरं केलं त्याचं नाव. हंडा उचलून डोक्यावर दिला असेल, बांधावरनं हाक मारली असेल, काही का असेना. एक नाव एका दिवसात एकदाच. आणि देवाचं नाव चालायचं नाही. मी नवी असताना विठ्ठल म्हणून सुटका करून घ्यायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "त्येचं नाव घ्यायला लय जन बसल्यात. तुला सकाळी पाणी कुणी शेंदून दिलं ते सांग."

"शेळीनं दूध दिलं. शेळीचं नाव घिऊ का?"

"घे की. पर मग आज तिला पाला तूच आणायचा."

एका वेळेला चौदा भाकरी व्हायच्या. चौदा नावं आणायची कुठनं? आठ-नवापर्यंत सोपं असतं, नवरा, दीर, पुतणे. पुढं मग दिवसभर डोळे उघडे ठेवूनच हिंडावं लागायचं. कोण आपल्याला वाट देतं, कोण पाटाचं पाणी आपल्या वाफ्याकडं वळवून देतं, हे साठवत यायचं संध्याकाळपर्यंत. अक्का आणि मी समोरासमोर बसायचो, ती थापायची, मी भाजायचे, आणि नावावरनं आमची भांडणं व्हायची. "त्येचं मी घ्यायची हुती, तू कशाला घेतलंस?"

आणि सगळ्यात शेवटी काठवटीला चिकटलेलं पीठ खरवडून जो एवढासा गोळा निघतो, त्याची चानकी करायची. चानकी म्हणजे तळहाताएवढी लहान भाकरी. पोरांना आवडते. पण आमच्यात चानकीचं नाव वेगळं. ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्या नावानं चानकी थापायची. आत्याबाईंचं म्हणणं, राग आहे तर असू दे, राग काढून टाक असं मी म्हणत नाही, पण त्या माणसानं कधीतरी आपलं काही केलंच असेल, तेवढं आठव आणि चानकीएवढं तरी थाप. उपाशी ठेवू नको त्याच्या नावाला.

बरं. तर गेलो भवानीनगरला.

पहिल्या दिवशी स्टो पेटवला, माझ्या कोऱ्या काठवटीत पीठ घेतलं, आणि हाताच्या सवयीनं चौदा भाकरीचं पीठ भिजवून बसले. थापत गेले. पहिली ह्यांची. दुसरी यष्टीत ज्यानं काठवट वर ठेवून दिली त्या कंडक्टरची. तिसरी आत्याबाईंची. चौथीला हात थांबला. तिथं मला कोण ओळखत होतं? मी बिननावाच्या अकरा भाकरी थापल्या. हे पहिल्या पाळीवरनं आले, ती चळत बघितली आणि म्हणाले, "आगं, सगळ्या बॉयलरवाल्यांला जेवायला बलावलंस का काय?" आम्ही दोघं हसलो. मग पाच दिवस वाळल्या भाकरीचा कुस्करा खाल्ला, तेव्हा हसू आलं नाही.

स्वतःची चूल म्हणजे काय असतं ते मला तिथं कळलं. तिखट किती घालू हे विचारायला कुणी नाही, आणि जास्त झालं म्हणायलाही कुणी नाही. हे पाळीवर गेले की मी आणि दोन खोल्या. उसाचं गळीत चालू असलं की मळीचा तो गोड-आंबूस वास दारातनं आत येऊन बसायचा, पाहुण्यासारखा. दुपारी भोंगा व्हायचा. खरं सांगते, हसू नका, त्या भोंग्याची मी वाट बघायचे. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलायचं. एक दिवस चौथी भाकरी मी भोंग्याच्या नावानं थापली.

पण चानकी मी थापली नाही. शेवटचा गोळा हातात आला की अक्काचं नाव तोंडात यायचं, आणि मी ते गिळायचे. ती फाट्यावर आली नाही, मी का तिचं नाव घेऊ? मग मी काय शिकले, सांगू? पीठ असं बेतून घ्यायला शिकले की शेवटी काही उरूच नये. काठवट पाण्याच्या हातानं पुसून घ्यायची आणि ते पुसलेलं शेवटच्या भाकरीतच मुरवायचं. चानकीपुरतंसुद्धा मागं ठेवायचं नाही. त्याचा मला अभिमान वाटायचा, किती मोजकं करते मी, कसं वाया जात नाही!

कारखान्याच्या चिमणीतनं काळी राख पडते. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराचं पार वाटोळं होतं. मला नवीला ते ठाऊक नव्हतं. एक दिवस दुपारी डोळा लागला आणि उठून बघते तर दोरीवर काहीच नाही. जीव गेला माझा, ह्यांचे कामाचे कपडे, माझं एकुलतं एक बरं लुगडं! दार उघडलं तर पायरीवर सगळं घडी घालून ठेवलेलं. वर एक फडकं टाकलेलं. कुणी केलं? मला आधी रागच आला, आपल्या कपड्यांना न विचारता हात लावला म्हणून. संध्याकाळी पीठ मळायला बसले आणि लक्षात आलं की आज एक नाव आहे. कुणाचं ते ठाऊक नाही, पण आहे. मी पायरीवर उभी राहून बघितलं तेव्हा बारा नंबरच्या क्वार्टरच्या दोरीवरचे कपडेही तसेच घडी घालून आत जात होते. म्हणून मी थापलं, "ही बारा नंबरच्या बाईची." आणि ते मला बरं वाटेना. कैद्याला हाक मारल्यासारखं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दार वाजवलं. बाई चष्मेवाल्या, वह्या तपासत बसलेल्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण.

"तुमचं नाव काय?" मी दारातनंच विचारलं.

"का हो? काय झालं?"

"काय न्हाय. भाकरी थापताना लागतंय."

मग बसून सगळं सांगावं लागलं. त्यांचं नाव वत्सलाताई. माहेर इंदापूरकडचं, दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे काल माझ्या नावाची भाकरी तुम्ही थापली, आणि तुम्हीच खाल्ली?"

"व्हय."

"मग आमाला काय मिळालं ओ? नुसत्या नावानं पोट भरतं व्हय? उद्या घेऊन या."

घेऊन गेले. तेव्हापासून त्या आणि मी. त्यांनी मला मुलांच्या अर्ध्या उरलेल्या वह्या दिल्या, त्यांतच मी लिहायला लागले. नावं विचारायची मला मग खोडच लागली. नळावर, दळणाच्या रांगेत, दवाखान्यात, जिथं जाईन तिथं. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्या नावानं थापणार कशी? ह्यांना लोक विचारायचे, तुमची मंडळी जनगणनेत कामाला आहे का?

तरी सांगते, एकटेपणा गेला नाही. हंगाम संपला की अर्धी वस्ती रिकामी व्हायची, मेमध्ये वत्सलाताई माहेरी जायच्या, आणि मी तीन भाकरींना तीन नावं कशीबशी जुळवायचे. दोन वेळा मी पिशवी भरली होती डाळजेला कायमचं जायला. दोन्ही वेळा बारामतीच्या स्टँडपर्यंत गेले आणि भिगवणची गाडी समोरनं जाऊ दिली. कशाला जायचं? "मीच मालकीण" म्हणून आले होते ना? कोणत्या तोंडानं म्हणू, अक्का, मालकिणीला करमत नाही? काटेवाडीवरनं परत येताना खिडकीतनं हिरवा ऊस बघत बसायचे, आणि घरी येऊन पीठ भिजवायचे, बेतून. सणासुदीला हे एकटे जाऊन यायचे. माझं दर वेळेला काहीतरी दुखायचं.

तिसऱ्या हंगामात एक दिवस दादा आले. दादा म्हणजे माझे थोरले दीर, अक्काचे मालक. आमचा ऊस घेऊन ट्रॅक्टरवर बसून आले होते, ट्रॉली काट्याच्या रांगेत नंबराला लावली आणि जेवायला घरी आले. थोरल्या दिराच्या समोर बसून बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी आत स्टोपाशी, ते आणि हे बाहेरच्या खोलीत. मी गरम भाकरी आत-बाहेर करत होते. दादा पोटभर जेवले. मग ताटाकडं बघून ह्यांना म्हणाले, "काय रं, तुमच्यात चानकी न्हाय व्हय?"

ह्यांनी दादांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला.

"झ्याक हाय गड्या तुजं. आमच्यात तुझ्या बायकूच्या नावाची चानकी रोज हाय. तीन वर्सं झाली. थापती अक्का आन् वाढती मला. म्हनली, माज्या गळ्याखाली उतरत न्हाय, तुमीच खावा. आता मी कुनावर रागवायचं? पोटात जागा नसली तरी ती गिळायची. एक दिस म्हनून चुकली न्हाय बग. तिला ताप हुता तवा पोरीकडनं थापून घेतली, पर नाव हिनंच घेतलं, हातरुनातनं."

माझी तव्यावरची भाकरी करपली. वास सुटला तसे हे आत डोकावले आणि परत गेले. रोज! म्हणजे रोज तिचा राग होता माझ्यावर, आणि रोज राग असून तिनं मला आठवलं होतं. मी तिचं काय बरं केलं असेल, कोणती गोष्ट धरून ती थापत असेल? तीन वर्षं रोज एक म्हणजे तिला किती काय आठवत असेल! आणि मी, जिनं तिच्या हातनं क शिकला, मी पीठ बेतत होते.

मी ह्यांना म्हटलं, दादांना म्हणावं थांबा, मी येते. ऊस खाली झाल्यावर रिकाम्या ट्रॉलीतनं गेले मी डाळजेला. बारामती गेली, भिगवण गेलं, डोक्यावरनं पदर घट्ट धरून उभी. त्या ट्रॉलीत माझ्या अंगाला जी पाचटाची कुसं लागली ती दोन दिवस निघत होती.

दिवेलागणीच्या आधी पोचलो. अक्का चुलीपुढं. मी दारात उभी राहिले. तिनं मान वळवून बघितलं, मला बघितलं, माझ्या डोक्यातलं पाचट बघितलं.

"ऊसातनं आलीस व्हय?"

"व्हय."

"मग हात धू आन् बस. तवा तापलाय."

एवढंच. मी हात धुऊन बसले, ती थापायला लागली, मी भाजायला. तिनं नावं घेतली, मी नावं घेतली. माझ्यातली निम्मी भवानीनगरची, तिला ठाऊक नसलेली. "ही वत्सलाताई कोन?" "ही दळणवाली काय करती?" एकेकीचं सगळं विचारून घेत होती. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या आणि अधूनमधून झोपल्याचं सोंग करत होत्या.

शेवटी तिनं काठवट खरवडली. गोळा हातात घेतला आणि थांबली. माझ्याकडं बघेना.

"आज कुनाची?" मी विचारलं.

"आज कुनाचीच न्हाय जनू," ती म्हणाली. "तुजी हाय का कुनाची?"

"न्हाय."

"मंग कुत्र्याला टाक." आणि दोघी इतक्या हसलो की आत्याबाईंचं सोंग सुटलं. पण चानकी कुत्र्याला टाकली नाही. अर्धी-अर्धी खाल्ली. गुळाशी.

डाळजेत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी काठवट काखेत मारून निघालेल्यांनो, मी काही कायमची परत गेले नाही. नोकरी भवानीनगरला, माणूस भवानीनगरला. पण त्यानंतर कुठलाही सण चुकवला नाही. आणि पीठ बेतायचं सोडलं.

आता हे राहिले नाहीत. क्वार्टर सुटली, कारखान्याच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या आहेत, त्यांत मी असते. वत्सलाताई लेकाकडं पुण्याला, फोन करतात. लेक फोन करते. डाळजेच्या घराला स्लॅब झाला, गॅस आला, आणि अक्काच्या सुना भल्या आहेत पण भाकरी बाहेरनं येते. गेल्या खेपेला मी विचारलं, भाकरी कोण करून देतं, नाव काय तिचं? कुणालाच माहीत नव्हतं. मी जाऊन विचारून आले.

मी आता एका वेळेला एकच भाकरी करते. चौदा नावांची सवय आणि भाकरी एक, कसं जमवायचं? मग मी थापेला एकेक नाव घेते. दूधवाल्याचं, रस्ता झाडणारीचं, त्या दिवशी गॅसची टाकी आत सरकवून देणाऱ्याचं. भाकरी गोल व्हायच्या आत वीस-बावीस नावं होतात. कधी कधी नावं संपत नाहीत म्हणून भाकरी फार पातळ होते. कधी दुपारपासून कुणी दारातसुद्धा आलेलं नसतं, मग भोंगा असतोच.

आणि पीठ मी थोडं जास्त भिजवते, मुद्दाम. अक्काचं जास्त झालंय असा निरोप आला तसे आम्ही निघालो होतो. बारामतीच्या स्टँडवर गाडी मिळेना, आणि भिगवण यायच्या आत अक्का गेली. थोडं थांबली असती तर काय बिघडत होतं? मी फाट्यावर उतरले तेव्हा छपरातनं धूर नव्हता. त्याचा माझा राग आहे तिच्यावर. अजून आहे.

म्हणून शेवटचा गोळा खरवडून घेते आणि म्हणते, ही अक्काची. मग त्या दिवशी तिची एक गोष्ट आठवायची. आजवर दोनदा तीच आठवली असं झालं नाही. चानकी लवकर भाजते, पण मी ती सगळ्यात शेवटी खाते आणि सावकाश खाते. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच, ती चानकी ताटात असते तेवढा वेळ. तेवढा वेळ मी डाळजेला असते, तव्याशी, आणि समोर अक्का थापत असते.